पुटपुटेकाका पहिल्या रांगेत

पाण्याचे मीटर वाचणाऱ्या माणसाला दोन गोष्टी लागतात, पायात बळ आणि गळ्यात जोर. पुटपुटेकाकांकडे दुसरी गोष्ट जरा जास्तच होती. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी "मीटर!" अशी हाक घातली की पार शेवटच्या घरातला माणूस कुत्रे बांधायला उठायचा. घरी तर विचारूच नका. त्यांनी जेवताना मीठ मागितले तरी शेजारणीला वाटायचे, लागले वाटते यांचे भांडण. अशा माणसाला सगळा गाव पुटपुटेकाका म्हणत होता, कारण संध्याकाळी हाच माणूस नाट्यमंडळाच्या डाव्या विंगेत खुर्ची टाकून बसला की त्याच्या तोंडून कुजबुजीच्या वर आवाज निघत नसे.

ते मंडळाचे प्रॉम्प्टर होते. नट वाक्य विसरला की विंगेतून त्याला ते हळूच सांगायचे, एवढेच प्रॉम्प्टरचे काम, असे बाहेरच्यांना वाटते. या मंडळात कोणी काही विसरत नसे, कारण विसरायला आधी पाठ करावे लागते. औषधाच्या दुकानाचे मालक बापाच्या आणि राजाच्या भूमिका करायचे, बँकेतल्या कॅशियरबाई आईच्या आणि सासूच्या. दोघेही तालमीला यायचे ते कोऱ्या पाटीने. "काका आहेत ना," असे म्हणून चहा प्यायचे आणि रंगमंचावर जाऊन काका पुरवतील ते वाक्य पुढे ढकलायचे. काका नुसती वाक्ये सांगत नसत. "ऊठ आता," "खिडकीकडे जा," "अरे, रडायचं आहे इथं," असे सगळे सांगायचे. विंगेतून अहोजाहो करायला वेळ नसतो, म्हणून गावातल्या प्रतिष्ठित औषधवाल्यालाही तिथून 'अरे' मिळायचे आणि तो मुकाट्याने उठायचा.

काका याबद्दल चारचौघांत कुरकुर करायचे, पण ती खोटी. मनातून त्यांना हेच हवे होते. एकदा नव्याने आलेल्या व्यायामशिक्षकाने सगळी भूमिका पाठ करून आणली, तर काकांनी त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला. शेवटी तो बिचारा विसरायला शिकला. नाटक म्हणजे मी, बाकीची नुसती तोंडे, असा काकांचा पक्का समज होता. कोणी तो समज काढायला गेले नाही, कारण काढला असता तर पाठ करावे लागले असते.

त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, लग्नानंतरची पहिली दोन नाटके पाहिली आणि मग जाणे सोडले. "तुम्ही दिसत नाही, आणि जे दिसतात त्यांच्याशी माझं काय काम?" असा त्यांचा सवाल होता.

मंडळाचे अध्यक्ष हे निवृत्त प्राचार्य. दिग्दर्शनही तेच करायचे. त्यांना कुठून तरी कळले की राजधानीतली एक परदेशी वकिलात छोट्या संस्थांना छोटी अनुदाने देते. दोन देशांतल्या लोकांनी एकमेकांना समजून घ्यावे, नाटके-गाणी इकडची तिकडे व्हावीत, असा त्यामागचा हेतू. वकिलातीच्या दृष्टीने ती रक्कम म्हणजे किरकोळीत किरकोळ, पण मंडळाच्या दृष्टीने तेवढ्यात नवे पडदे, नवे दिवे आणि वर सभागृहाच्या गळक्या छपराची डागडुजीही बसत होती. अध्यक्ष अर्ज भरायला बसले. 'दोन देशांच्या मैत्रीत झालेली वाढ तुम्ही कशी मोजाल?' असा एक प्रश्न होता. अध्यक्षांनी पुष्कळ विचार करून 'टाळ्यांवरून' असे लिहिले. 'प्रकल्प संपल्यानंतर मागे काय टिकून राहील?' या प्रश्नाला त्यांनी आधी 'छप्पर' असे प्रामाणिक उत्तर लिहिले आणि मग ते खोडून 'स्नेह' केले.

कोणाच्या ध्यानीमनी नसताना अनुदान मंजूर झाले. अटी मात्र होत्या. नाटक त्यांच्या देशातले घ्यायचे, पण करायचे आपल्या भाषेत. दोन प्रयोग व्हायला हवेत. त्यांच्या देशातला एक तरी कलाकार त्यात हवा. आणि अनुदानातून घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर वकिलातीचे चिन्ह चिकटवायचे. चिन्हांचा एक भला मोठा गठ्ठाच टपालाने आला. अध्यक्ष नियमाला पक्के. त्यांनी पडद्यांना, दिव्यांना, चहाच्या किटलीला, इतकेच काय, नव्या झाडूच्या दांड्यालाही चिन्ह लावले. तालमीत कोणी फार वेळ एका जागी उभे राहू नका, असे कॅशियरबाई सगळ्यांना बजावत होत्या.

नाटक एका नावाड्याचे होते. नदीवर माणसांना इकडून तिकडे सोडण्यात ज्याचा जन्म गेला, असा एक म्हातारा. त्याची मुलगी शिकायला घर सोडून जाते, इंजिनिअर होते आणि त्याच नदीवर पूल बांधायला परत येते. पूल झाला की बापाची नाव बंद. बाप बोलणे टाकतो, घरात धुसफूस सुरू होते आणि असे करत करत गोष्ट शेवटाला जाते. अध्यक्षांनी भाषांतर केले. बाप अर्थातच औषधवाले, आत्या कॅशियरबाई, आणि मुलीच्या भूमिकेसाठी वकिलातीने त्यांच्या देशातली एक तरुण नटी पाठवली. तिला सगळे पाहुणी म्हणायला लागले. पाहुणी हसतमुख होती, कष्टाळू होती, आणि आपल्या भाषेतले तिला 'धन्यवाद' आणि 'पुरे' असे दोनच शब्द येत होते.

तिने ऐकून ऐकून पाठ करायचे ठरवले. कोणीतरी नाटक बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करून द्या, एवढेच तिचे मागणे. औषधवाल्यांनी प्रयत्न केला, पण ते कागदावरून असे वाचत होते की प्रत्येक वाक्य जेवणानंतर घ्यायचे आहे की आधी, असा प्रश्न पडावा. कॅशियरबाई नोटा मोजण्याच्या वेगाने वाचायच्या आणि मध्ये कोणी थांबवले तर पहिल्यापासून सुरू करायच्या. राहता राहिले काका. सगळे नाटक तोंडावर असलेला गावात तो एकच माणूस.

काका घरी खोलीचे दार लावून बसले. पंख्याची घरघर नको म्हणून काकूंनी पंखा बंद केला. काकांनी घसा साफ केला, मोठ्या आवाजात पहिले वाक्य म्हणायला तोंड उघडले, आणि काही आठवेना. पुन्हा प्रयत्न केला. तोंडातून 'मीटर' निघेल की काय अशी भीती वाटायला लागली. शेवटी वैतागून त्यांनी खुर्ची भिंतीशी तिरकी लावली, मान उजवीकडे वळवली, तोंडाशी हात आडवा धरला आणि कुजबुजायला सुरुवात केली. झाले, नळ सोडावा तसे नाटक वाहायला लागले. बापाची, आत्याची, मुलीची, सगळ्यांची वाक्ये, आणि मधूनमधून त्यांच्या सवयीचे सगळे. काकू दाराबाहेर बसून ऐकत होत्या. घरात कधी एवढे हळू बोलला असतात तर शेजाऱ्यांशी आपले संबंध बरे राहिले असते, एवढेच त्या नंतर म्हणाल्या.

पाहुणीने आठ-दहा दिवसांत सगळे पाठ केले आणि तालमीला आली. तिचा प्रवेश आला. ती आत आली, तोंडाशी हात आडवा धरला, मान वळवली आणि कुजबुजत आपले वाक्य म्हणाली. तेही औषधवाल्यांचे वाक्य संपायच्या आधीच, कारण प्रॉम्प्टर नेहमी पुढचे वाक्य आधी देतो. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'हं', अगदी काकांसारखा. पुढे औषधवाले खुर्चीवर बसल्यावर ती त्यांच्याकडे बघून तशीच हळू आवाजात म्हणाली, "अरे, ऊठ आता, किती वेळ बसशील?"

औषधवाले चटकन उठले. सवयीचा गुलाम, दुसरे काय.

पाहुणीची यात काही चूक नव्हती. वकिलातीतून निघताना तिला बजावून सांगितले होते की स्थानिक शैलीचा आदर राख, आपले घोडे पुढे दामटू नकोस. रेकॉर्डिंग ऐकून तिची खात्री पटली होती की इथले नाटक ही कुजबुजण्याची फार जुनी आणि नाजूक कला आहे. तिने त्या कलेचा घरी आरशासमोर सराव केला होता. सगळे हसून हसून लोळले. काका तेवढे हसले नाहीत. ते खुर्चीत ताठ बसले होते आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढले होते. इतक्या वर्षांत त्यांचे कोणी एवढे मन लावून ऐकले नव्हते.

मग काकांनी तिला वाक्ये कोणती आणि सूचना कोणत्या हे निवडून दाखवले. मोठ्याने कसे बोलायचे ते अध्यक्षांनी शिकवले. ती पटकन सुधारली. फक्त तो 'हं' काही जाईना. गोड वाटतो म्हणून अध्यक्षांनी तो राहू दिला.

सगळे सुरळीत चालले होते, आणि अशा वेळी वकिलातीचा सांस्कृतिक अधिकारी तालीम पाहायला आला. उंच, नम्र, आपली भाषा शिकत असलेला, आणि म्हणून प्रत्येक गोष्टीबद्दल प्रश्न विचारणारा माणूस. तो अर्धा तास शांत बसला आणि मग त्याने अध्यक्षांना विचारले की ते विंगेत बसलेले गृहस्थ कोण?

आता खरे सांगायचे तर सांगावे लागणार की आमच्या नटांना काही येत नाही, सगळे ते गृहस्थ सांगतात. परदेशी माणसासमोर, तेही अनुदान देणाऱ्या, हे कोण कबूल करील? झाकली मूठ सव्वा लाखाची. अध्यक्ष म्हणाले की ते आमचे ज्येष्ठ रंगकर्मी आहेत, तालमीवर देखरेख करतात.

अधिकारी भारावून गेला. एवढा मोठा माणूस असा कोपऱ्यात बसतो, ही नम्रता त्याला कुठे पाहायला मिळाली नव्हती. त्याने तिथल्या तिथे जाहीर केले की पहिल्या प्रयोगाला हे गृहस्थ पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसतील, माझे पाहुणे म्हणून.

अध्यक्षांच्या तोंडचे पाणी पळाले, पण बोलून चुकले होते. काकांची खुर्ची गेली.

अधिकारी गेल्यावर सगळे अध्यक्षांभोवती जमले. अध्यक्ष म्हणाले, विंगेत बसवावा असा दुसरा माणूस आपल्याकडे नाही, आता एकच उपाय, सगळ्यांनी पाठ करायचे. औषधवाल्यांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू कोणी त्यांना या वयात पोहायला शिक म्हणून सांगितले आहे. काका दोन दिवस 'मी नाही बसणार' म्हणत होते. तिसऱ्या दिवशी छापील निमंत्रण आले, त्यावर 'ज्येष्ठ रंगकर्मी' अशी अक्षरे होती, आणि काका म्हणाले की आता छापलेच आहे तर माणसाने आडमुठेपणा करू नये. पण घरी त्यांना जेवण गोड लागेना. त्यांना काय सलत होते ते काकूंना कळत होते. आपल्यावाचून नाटक बुडाले तर मंडळाची अब्रू जाणार. आणि आपल्यावाचून नाटक तरले तर मग इतकी वर्षे आपण तिथे बसून काय केले? दोन्हीकडून मरण. खरे सांगायचे तर यांतले काय व्हावे असे आपल्याला वाटते, हे काकांनी स्वतःलाही विचारले नव्हते.

काकू मात्र खूश होत्या. नवऱ्याशेजारी बसून नाटक बघायचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग. त्यांनी कपाटातले चांगले कपडे काढले आणि काकांना दोनदा दाढी करायला लावली.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह भरले. पहिल्या रांगेत मधोमध अधिकारी, त्याच्या एका हाताला अध्यक्ष, दुसऱ्या हाताला काका आणि त्यांच्या पलीकडे काकू. पडदा वर गेला आणि काका चक्रावले. इतकी वर्षे त्यांनी नट पाहिले होते ते एका बाजूने, डावीकडून. औषधवाल्यांचा एक गाल, एक कान आणि अर्धे नाक एवढीच त्यांची ओळख. आज समोरून पूर्ण माणूस दिसला तेव्हा त्यांना वाटले, हा कोण? मागच्या पडद्यावर नदी रंगवलेली होती. ती नदी आहे हेही त्यांना आज कळले. विंगेतून तो निळा पट्टा दिसायचा, त्यांना वाटायचे आभाळ असेल.

पहिला अंक नीट पार पडला. नटांनी तो खरेच पाठ केला होता. परीक्षेला जाणारी पोरे पहिले दोन धडे घोकतात आणि पुढचे देवावर सोडतात, तसा प्रकार. दुसऱ्या अंकात देव भेटला नाही. बापाला आत्याशी भांडायचे होते. औषधवाल्यांनी हात उगारला, तोंड उघडले आणि तसेच राहिले. मग त्यांची मान आपोआप डाव्या विंगेकडे वळली. तिथे कोणी नव्हते. कॅशियरबाईंनीही तिकडेच पाहिले. दोघेही त्या रिकाम्या जागेकडे बघत उभे.

आता काकांच्या मनात पहिल्यांदा काय आले ते लपवण्यात अर्थ नाही. 'बुडा,' असे आले. 'माझी खुर्ची काढता काय, बुडा आता.' क्षणभर त्यांना फार बरे वाटले. मग औषधवाल्यांचा चेहरा दिसला, समोरून, पूर्ण. विंगेतून तो असा कधी दिसला नव्हता. घाबरलेला, लाल झालेला, मुलासारखा चेहरा. काकांनी तोंडाशी हात धरला आणि जीव तोडून कुजबुजले. ते वाक्य औषधवाल्यांपर्यंत पोचले नाही. ते अधिकाऱ्यापर्यंत पोचले. त्याने आदराने मान वाकवून विचारले, "आपण मला काही म्हणालात?"

तेवढ्यात रंगमंचावर पाहुणी जागची हलली. या प्रवेशात तिला खिडकीशी नुसते उभे राहायचे होते. ती हळूच बापाच्या मागे आली, प्रेक्षकांकडे पाठ केली आणि काहीतरी पुटपुटली. औषधवाल्यांचा उगारलेला हात खाली आला आणि तोंडातून वाक्य बाहेर पडले, ठसठशीत. मग ती आत्याकडे गेली. आत्या बोलायला लागली. पुन्हा बापाकडे. बाप उठला, खिडकीकडे गेला, रडला. रडायचे होतेच तिथे.

काकांना उमगले. पोरीने सगळे रेकॉर्डिंग पाठ केले होते. आपली वाक्ये, दुसऱ्यांची वाक्ये, 'ऊठ,' 'बस,' 'रड,' काही सोडले नव्हते. ती पुटपुटताना तिचा खांदा कसा हलतो, मान कशी तिरकी होते, हे पाहताना काकांना आपण आरशात बघतो आहोत असे वाटले. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी कोणीतरी आतून काहीतरी काढून नेले असेही वाटले. इतके सोपे होते तर हे. परदेशातली एक पोरगी मोबाइलवर ऐकून शिकली.

"मुलगी सारखी सगळ्यांच्या जवळ जाते, सगळ्यांना सांभाळते," अधिकारी हलक्या आवाजात म्हणाला. "फार सुंदर बसवलंय तुम्ही."

काकांनी ते मुकाट्याने स्वीकारले. नाकारायला जीव राहिला नव्हता.

आणि मग शेवटचा प्रवेश आला. पूल उघडला आहे, गाव त्यावरून चालते आहे, बाप एकटा काठावर वल्हे घेऊन बसला आहे. मुलगी येते. इतके दिवस बाप-लेक एकमेकांशी बोललेले नाहीत. आता तिने एक वाक्य म्हणायचे आणि बापाने काही न बोलता उठायचे, की पडदा.

पाहुणी आली, बापासमोर उभी राहिली आणि थांबली.

प्रेक्षकांना वाटले, मुद्दाम थांबली आहे. काकांना एका क्षणात कळले की नाही, गेले. अंकभर सगळ्यांची वाक्ये वाहता वाहता पोरीचे स्वतःचे वाक्य सांडले. तिचे ओठ हलत होते, 'हं' सुद्धा येत नव्हता. तिने बापाकडे पाहिले. बापाला काय माहीत असणार? मग तिची मान वळली, डाव्या विंगेकडे, तिथल्या सगळ्यांसारखी. आणि तिथे कोणी नाही हे पाहून तिचे डोळे भरले.

काकांच्या तोंडात ते वाक्य होते. त्यांनी हात आडवा धरला, मान तिरकी केली आणि कुजबुजले. पुन्हा कुजबुजले. पहिल्या रांगेपासून रंगमंचापर्यंतचे अंतर त्या आवाजाला कापता येत नव्हते. मोठ्याने म्हणायचे तर ते घरी जमले नव्हते, इथे भरल्या सभागृहात काय जमणार?

काकूंनी त्यांचा तोंडापुढचा हात धरून खाली ओढला.

"अहो, तिला ऐकू जात नाहीये," त्या म्हणाल्या. "नीट सांगा ना पोरीला."

काका उठून उभे राहिले. आणि गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत जाणारा तो त्यांचा आवाज सभागृहात घुमला, "बाबा, पूल असू दे. मला तुमच्या नावेतून पलीकडं सोडा."

सगळ्या सभागृहाने माना वळवल्या. रंगमंचावर पाहुणीने काकांकडे पाहिले. मग ती बापाकडे वळली आणि तेच वाक्य म्हणाली, सावकाश, स्पष्ट, मोठ्याने. औषधवाले वल्हे घेऊन उठले. त्यांना कोणी 'ऊठ' म्हटले नव्हते. पाठमोरे झाल्यावर त्यांच्या नव्या कोटावर वकिलातीचे चिन्ह ठळक दिसले, पण कोणी हसले नाही, कारण लोक डोळे पुसत होते.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. अधिकारी उभा राहून वाजवत होता आणि अध्यक्षांना सांगत होता की शेवटचे वाक्य प्रेक्षकांतून, एका वृद्धाच्या तोंडून आधी आणायचे, ही कल्पना त्यांच्या देशातही कोणाला सुचली नसती. अध्यक्षांनी ती कल्पना आपली असल्याचे नाकारले नाही.

काका मात्र उभेच होते. ते वाक्य त्यांनी तालमीत रोज म्हटले होते, कागदाकडे बघत, पुढच्या वाक्यावर नजर ठेवून. आज पहिल्यांदा ते त्यांच्या स्वतःच्या कानांवर पडले. त्यांनी मागे वळून पाहिले. ओळीने बसलेली माणसे, कोणी नाक पुसत होते, कोणी शेजाऱ्यापासून तोंड लपवत होते. बिल जास्त आले म्हणून दर वेळी भांडणारा वखारवाला रडत होता. शेजारी काकू रडत होत्या. इतकी वर्षे आपण विंगेतून जे सोडत होतो ते इथे येऊन असे लागायचे, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता, या विचाराने काकांना भरून आले, आणि ते तिथेच, पहिल्या रांगेत, सगळ्यांदेखत रडले.

आत मेकअपच्या खोलीत गेल्यावर औषधवाल्यांनी त्यांचे दोन्ही हात धरले. उद्याच्या प्रयोगाला तुम्ही विंगेतच बसायचे, अधिकाऱ्याला काय वाटायचे ते वाटू दे, असे ते म्हणाले. अध्यक्षांनीही मान डोलावली. मी त्यांना खरे काय ते सांगून टाकतो, मागितले अनुदान परत तर देऊ, छप्पर गळते तर गळू दे, असे म्हणाले. म्हणताना त्यांचा आवाज जरा कापला, पण म्हणाले खरे. कॅशियरबाईंनी कोपऱ्यातली ती खुर्ची स्वतः उचलून आणली, पुसली आणि काकांसमोर ठेवली.

"काका, हं, बसा," पाहुणी म्हणाली.

हेच ऐकायला तर काका इतके दिवस कासावीस झाले होते. त्यांनी खुर्चीकडे पाहिले, मग या सगळ्यांकडे, समोरून.

"उद्याची मला दोन तिकिटं द्या," ते म्हणाले. "पहिल्या रांगेतली नसली तरी चालतील."

औषधवाल्यांचा चेहरा पडला. "मग आम्हाला सांगणार कोण?"

"पाठ करा," काका म्हणाले. "आजचा दुसरा अंक तुमच्या काळजीत गेला माझा, मला धड बघताच आला नाही. इतकी वर्षं मी तुम्हाला सांगत आलो. पण नाटक एवढं चांगलं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही."

अध्यक्षांनी तिकीटपुस्तकातून दोन तिकिटे फाडून पुढे केली, आणि ती काकांनी घेण्याआधी काकूंनी घेऊन पर्समध्ये ठेवली. तोवर औषधवाले एका कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, दुसरा अंक घोकायला लागलेही होते.